संस्कृती ही सबब नव्हे

माझा एक भाचा मुंबईतील एका परदेशी कंपनीच्या कचेरीत नोकरीला आहे. त्याची पाळी दुपारी दोनला सुरू होते आणि रात्री अकराला संपावी अशी अपेक्षा असते. परंतु अमेरिकेतील वरिष्ठांबरोबरची दूरध्वनी-बैठक साडेदहाला भरते व ती केव्हा संपावी याला काही धरबंध नसतो. पुष्कळदा तो विरारकडे जाणारी शेवटची लोकल धावत गाठतो आणि पहाटे दोनच्या पुढे घरी येऊन झाकून ठेवलेले ताट पुढे ओढतो. आपल्या धर्मग्रामांत आज असे एकही आळी-पाखाडीचे ठिकाण नसेल, जिथे अशा मुलाची अथवा मुलीची वाट पाहणारी आई नाही.

गेल्या नाताळात हा भाचा भेटायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक छापील पुस्तिका होती. कंपनीने देशोदेशींच्या संस्कृतींविषयी दोन दिवसांचे शिबिर घेतले होते, त्यातली ती. एका पानावर उभ्या स्तंभांचा आलेख होता. 'अधिकार-अंतर' : भारत ७७, अमेरिका ४०. म्हणजे वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील विषमता मुकाट्याने मान्य करण्याची वृत्ती आपल्यात जवळजवळ दुप्पट. त्याखाली परदेशी अधिकाऱ्यांसाठी उपदेश होता : भारतीय कर्मचारी वरिष्ठाला 'नाही' म्हणत नाही, त्याला स्पष्ट आज्ञा द्यावी, आज्ञेत त्याला सुरक्षित वाटते.

शिबिरानंतर थोड्याच दिवसांनी भाच्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी विनंती केली. बैठकीची गैरसोय दोन्ही बाजूंनी वाटून घ्यावी. एक आठवडा आम्ही रात्री जागू, दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पहाटे उठा. विभागप्रमुख आपल्यातलाच, मराठी बोलणारा गृहस्थ. तो हसून म्हणाला, "अरे, आपल्याकडे असे विचारायची पद्धत नाही." विषय तेथेच संपला. भाचा मला म्हणाला, "मामा, मी 'नाही' म्हटले होते. पण मी 'नाही' म्हणत नाही, असे त्या पुस्तिकेत लिहिले आहे. मग माझे 'नाही' त्यांना ऐकू कसे जाणार?"

त्याच्या या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : राष्ट्राच्या संस्कृतीचा ठसा समाजावर व व्यापारावर उमटतो हे खरे, परंतु आज व्यापारजगतात 'संस्कृती' हा शब्द समजून घेण्यासाठी कमी आणि सबब म्हणून अधिक वापरला जातो. ही सबब आपण ओळखायला शिकले पाहिजे.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. जपानमध्ये महत्त्वाचा निर्णय बैठकीत होत नाही. बैठकीपूर्वी एकेकाला गाठून त्याचे मत घेतले जाते, शंका निवारल्या जातात, आणि बैठकीत त्यावर केवळ शिक्कामोर्तब होते. या रीतीला ते 'नेमावाशी' म्हणतात. शब्द मूळचा बागाइतीतला आहे : झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवतीची माती हलक्या हाताने खणून घेणे. वसईच्या वाडीवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकन व्यापारी पहिल्याच भेटीत करारपत्र पुढे करतो आणि जपानी माणूस आधी परिचय मुरू देतो, हा भेद न जाणणारा मनुष्य परदेशात फसतो. तेव्हा दुसऱ्याची रीत शिकणे हा सभ्यतेचा भाग आहे. माझे भांडण त्याच्याशी नाही.

भांडण आहे ते ७७ या आकड्याशी. किंबहुना त्या आकड्याचा जो वापर होतो त्याच्याशी. हा आकडा आला कोठून? गेर्ट हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या १,१६,००० हून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला व १९८० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. राष्ट्रीय संस्कृती मोजण्याची चार परिमाणे त्याने मांडली. अधिकार-अंतर हे त्यांतले एक. काम मोठे व कष्टाचे होते यात शंका नाही. परंतु वाचकांनी क्षणभर विचार करावा. एकच कंपनी, तिच्यातला सुशिक्षित नोकरवर्ग, आणि त्यावरून अवघ्या राष्ट्राचा स्वभाव! आयबीएम तर १९७८ साली भारतातून निघून गेली. म्हणजे माझ्या भाच्याच्या जन्मापूर्वी एका परदेशी कंपनीच्या भारतीय नोकरांनी भरलेल्या कागदावरून आज त्याचा स्वभाव ठरवला जात आहे. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने २००२ साली या पद्धतीवर कठोर टीका केली. पाकिस्तानात पहिल्या फेरीत अवघ्या ३७ कर्मचाऱ्यांनी उत्तरे दिली होती, हे त्याने निदर्शनास आणले. आणि राष्ट्राची सरासरी एकेका व्यक्तीला लावू नये, हा इशारा स्वतः हॉफस्टेडनेही दिला होता. शिबिरे घेणाऱ्यांनी आकडे तेवढे उचलले आणि इशारा गाळला.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्याला राष्ट्राचा सनातन स्वभाव म्हणतात तो पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या झगड्यातून झालेला समझोता असतो. याचे उत्तम उदाहरण पुन्हा जपानच आहे.

जपानी कामगार कंपनीशी जन्मभर एकनिष्ठ असतो, कंपनी त्याला कुटुंबाप्रमाणे सांभाळते, हे त्यांच्या रक्तात आहे, असे आपण ऐकत आलो. जेम्स अबेग्लेन या अमेरिकन लेखकाने १९५८ साली जपानी कारखान्यांवर पुस्तक लिहिले आणि आजन्म नोकरीची ही प्रतिमा जगभर गेली. पण त्याआधीचा इतिहास काय सांगतो? १९०३ साली खुद्द जपान सरकारने कामगारांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील गिरणी-कामगार एका जागी टिकत नाहीत. सूतगिरण्यांतल्या मुली तर जाचाला कंटाळून पळून जातात. कोठे गेले होते तेव्हा ते एकनिष्ठ रक्त? दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० साली टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, कामगारकपातीवरून तीव्र संघर्ष झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. १९५३ साली निसानमध्ये मोठा संप व टाळेबंदी झाली. मिइके येथील कोळशाच्या खाणीतला १९५९-६० चा लढा तर कित्येक महिने चालला. हे सगळे सोसल्यानंतर मोठ्या कंपन्यांनी व त्यांच्या संघटनांनी हिशेब केला : तुम्ही संप टाळा, आम्ही कपात टाळू. टोयोटात मालक आणि कामगार यांनी संयुक्त जाहीरनामा काढला तो १९६२ साली. आणि ज्या गुणवत्ता-नियंत्रणाला आपण जपानी काटेकोरपणा म्हणून वाखाणतो, त्याचे धडे तेथील अभियंत्यांनी १९५० साली एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाकडून घेतले. १९५१ पासून त्याच्याच नावाने तेथे पारितोषिक दिले जाते.

यात जपानी लोकांचा उणेपणा नाही, उलट त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी भांडून, शिकून, तडजोड करून एक रीत घडवली. पण घडवलेल्या रीतीला 'रक्तातली' म्हटले की दोन गोष्टी घडतात. ज्यांनी ती घडवली त्यांचे कष्ट पुसले जातात. आणि जे त्या रीतीबाहेर राहिले ते दिसेनासे होतात. आजन्म नोकरीची छाया मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील कायम पुरुष नोकरांवर होती. स्त्रिया, हंगामी मजूर, छोट्या कारखान्यांतले कामगार त्या कुटुंबात कधीच नव्हते.

त्याच कुटुंबाची दुसरी बाजू 'कारोशी' या शब्दात आहे. कारोशी म्हणजे अतिश्रमाने आलेला मृत्यू. रात्र रात्र काम करून हृदय बंद पडलेल्या, अथवा खचून जाऊन स्वतःचा जीव घेतलेल्या माणसांसाठी जपानी भाषेला स्वतंत्र शब्द करावा लागला. कष्टाळूपणा ही आमची संस्कृती, असे तेथेही सांगितले जात होते. परंतु ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनी ते मान्य केले नाही. १९८८ साली वकिलांनी अशा कुटुंबांसाठी दूरध्वनी-सल्लासेवा सुरू केली. एका तरुण नोकराच्या आत्महत्येबद्दल २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. २०१४ साली कारोशी रोखण्यासाठी कायदा झाला. २०१८ च्या कायद्याने जादा कामाला प्रथमच दंडात्मक मर्यादा घातली : सामान्यतः महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. गर्दीच्या महिन्यात ती शंभर तासांच्या जवळपास जाऊ शकते, म्हणून तो कायदा पुरेसा नाही, असे मृतांचे नातेवाईक म्हणतात व त्यांचे बरोबर आहे. तरीही लक्षात घ्या, या बायका आणि आईबापही जपानीच आहेत. कंपनीपुढे मान तुकवणारा तेवढा जपानी आणि न्यायालयाची पायरी चढणारी विधवा मात्र परकी, असे कोणत्या आलेखात लिहिले आहे?

आता संस्कृतीच्या सबबीचे दुसरे रूप पाहू. 'त्या देशात लाच द्यावीच लागते, ती त्यांची संस्कृतीच आहे,' हे वाक्य आंतरराष्ट्रीय व्यापारात नाणे म्हणून चालते. १९७६ साली अमेरिकेतील लॉकहीड या विमानकंपनीने परदेशांत वाटलेल्या पैशांचे प्रकरण तेथील सिनेटच्या समितीपुढे उघड झाले. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना त्याच वर्षी अटक झाली व १९८३ साली न्यायालयाने ५० कोटी येन घेतल्याबद्दल त्यांना दोषी ठरवले. पण नाव केवळ पूर्वेकडचे नव्हते. नेदरलँड्सच्या राणीचे पती प्रिन्स बर्नहार्ड यांनाही याच प्रकरणात आपली सार्वजनिक पदे सोडावी लागली. तेथे कोणी डच संस्कृतीवर व्याख्यान दिले नाही. पुढे १९७७ साली अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे गुन्हा ठरवले. शिस्तप्रिय म्हणून ज्याचे दाखले दिले जातात त्या जर्मनीत मात्र परदेशात दिलेली लाच नव्वदच्या दशकातही कंपनीच्या खर्चात दाखवून करात सवलत घेता येत असे. ती वाट पूर्णपणे बंद झाली १९९९ साली, आंतरराष्ट्रीय करार अमलात आला तेव्हा. २००८ साली सीमेन्स या जर्मन कंपनीने अमेरिका व जर्मनी येथील यंत्रणांना मिळून सुमारे १६० कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. लाच पोहोचली होती अर्जेंटिना, बांगलादेश, व्हेनेझुएला अशा देशांत. घेणाऱ्याचा हात काळा खराच. पण देणारा हात हातमोज्यात होता आणि त्या मोज्यावर 'तिकडची संस्कृती' असे लिहिलेले होते.

तिसरे रूप सर्वांत घातक आहे, कारण ते नम्र दिसते. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ साली तो मानवनिर्मित ठरवला. वीजकंपनी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे खाते यांच्यातील संगनमतावर बोट ठेवले. एवढे स्पष्ट लिहिणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत मात्र मूळ कारण जपानी संस्कृतीत, आज्ञाधारकपणात, अधिकाऱ्यांना प्रश्न न विचारण्याच्या वृत्तीत शोधले. जपानी आवृत्तीत ही भाषा तशी नव्हती. टीकाकारांनी योग्य प्रश्न विचारला : दोष संस्कृतीचा, तर जबाबदार कोण? सगळेच दोषी असले की कोणीच दोषी नसतो. पश्चात्तापाची भाषा वापरून कबुली टाळण्याचा हा प्रकार, कबुलीजबाबाचा अर्थ जाणणाऱ्या आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल. पापाची कबुली 'मी' या शब्दाने सुरू होते. 'आमच्याकडे असेच चालते' या शब्दांनी नव्हे.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी आठवड्याची सुट्टी नव्हती. रविवारी आपण मिस्साला जातो, घरी जेवणाचा बेत करतो, आणि ही सुट्टी जणू आकाशातून पडली असे समजतो. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांचे हे सहकारी 'दीनबंधू'चे संपादक होते. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंडे यांच्या मागणीमागे होते असे सांगतात. म्हणजे आपल्या प्रभुवाराची विश्रांती मुंबईच्या गिरणगावात एका सत्यशोधकाने झगडून आणली. याबद्दल आपण कधी कृतज्ञता व्यक्त केली आहे काय?

सुट्टी मिळाली तरी रोजचे तास लांबच राहिले. त्यासाठीही संस्कृतीचीच सबब होती. हिंदी कामगार स्वभावतःच रेंगाळत काम करतो, मध्येच उठून विडी ओढायला जातो, तेव्हा लांब पाळीचा त्याला त्रास नाही, हा युक्तिवाद १९०७-०८ च्या कारखाना आयोगापुढे गांभीर्याने मांडला गेला. त्या आयोगातील डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. ज्याला स्वभाव म्हटले होते ती केवळ थकवा होती.

आणि आपणही या बाबतीत निष्पाप नाही. मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांच्या पुढाऱ्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीचा वारसा त्या नावाने सरकारच्या डोळ्यांपुढे राहावा आणि नोकरीत स्थान टिकावे, हा त्यामागचा एक हेतू होता. त्या पिढीला मी दूषण देत नाही. पोट सर्वांनाच असते. पण हे विसरू नये की व्यापार केवळ संस्कृतीने घडत नाही, प्रसंगी व्यापारच माणसांना त्यांचे नाव देतो. आजही 'तुमची मुले प्रामाणिक, आज्ञाधारक, उलट न बोलणारी' असे कोणी मालक म्हणाला की आपली छाती फुगते. या तीन विशेषणांतले पहिले भूषण आहे. उरलेली दोन मालकाच्या सोयीची आहेत.

घरातही आपण तेच करतो. मुलाने जेवताना प्रश्न विचारला की 'मोठ्यांसमोर बोलू नये' म्हणून गप्प बसवतो. धर्मग्रामाच्या सभेत कोणी हिशेब विचारला की 'आपल्यात असे विचारत नाहीत' अशी कुजबूज होते. हेच वाक्य माझ्या भाच्याला त्याच्या विभागप्रमुखाने ऐकवले. तो विभागप्रमुख ते कोणत्या परदेशी शिबिरात शिकला नव्हता. तो ते आपल्यासारख्याच एखाद्या घरात शिकला होता.

म्हणून माझी विनंती आहे की 'ही आपली संस्कृती' किंवा 'ती त्यांची संस्कृती' हे शब्द ऐकले की दोन प्रश्न विचारावे. हे कोण म्हणतो आहे? आणि असे म्हटल्याने कोणाचे ओझे हलके होते व कोणाचे वाढते? आजी आपल्या हाताने पानमोडे करायला शिकवताना 'ही आपली रीत' म्हणते, तेव्हा ती काही देत असते. मालक रात्रीच्या साडेदहाला 'ही आपली रीत' म्हणतो, तेव्हा तो काही घेत असतो. शब्द एकच, परंतु पहिल्या ठिकाणी ती संस्कृती आहे, दुसऱ्या ठिकाणी सबब.

भाचा परवा पुन्हा आला होता. त्यांनी विनंती-अर्ज नव्याने लिहिला आहे. या वेळी तो तोंडी नाही, लेखी आहे, आणि त्याखाली चौदा सह्या आहेत. मराठी, तमिळ, बंगाली, गुजराती अशी नावे आहेत. अर्जाची भाषा अदबीची आहे; एकही शब्द उद्धट नाही. त्याचे काय होईल ते सांगता येत नाही. लोखंडे यांच्या पहिल्या निवेदनानंतरही सुट्टी मिळायला सहा वर्षे लागली होती. मी त्याला एवढेच सांगितले की अर्जाची एक प्रत जपून ठेव, आणि त्याच्या आईला सांगितले की तो घरी काही विचारील तेव्हा त्याला गप्प करू नकोस.